साळवींनी न काढलेला डबा

साळवींना शिसारी फार यायची. कुणाला पटकन राग येतो, कुणाच्या डोळ्यांत पटकन पाणी येतं, तशी त्यांना शिसारी यायची. पहिल्या दिवशी ऑफिसात आले तेव्हा माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसण्याआधी वाकले, खुर्चीच्या कापडाचा वास घेतला, "शी!" म्हणाले आणि उभेच राहिले. मी जॉइनिंगचा फॉर्म पुढे सरकवला. म्हणाले, "उभ्यानेच भरतो. हिच्यावर कुणीतरी लसणाची चटणी सांडलीय." सांडली होती खरी. दोन आठवड्यांपूर्वी, आणि माझ्याच हातून.

हे दुबईतलं. आमची कंपनी नव्या टॉवरमधली ऑफिसं आतून सजवून द्यायची. पार्टिशन, फॉल्स सीलिंग, गालिचे, असलं सगळं. मी तिथे अ‍ॅडमिन मॅनेजर. लोकांचे व्हिसा, रजा, मजुरांच्या खोल्या, कंपनीचा शिक्का, सगळा संसार माझ्या ड्रॉवरमध्ये. साळवींना घेतलं होतं ते मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पच्या मेन्टेनन्ससाठी. मुहैस्नाहला सगळे सोनापूर म्हणतात. एका खोलीत बारा माणसं झोपतात त्या जागेला सोनापूर म्हणणाऱ्याच्या एक कानाखाली काढावी असं मला तिथे जाताना दर वेळी वाटायचं.

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. मूळचे गिरगावातले. उंची बेताची, नाक मात्र भरपूर आणि सतत कामावर. पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून पंप उघडायला बसायचे आणि उठायचे तेव्हाही तो पांढराच असायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हातमोजे कधी घातले नाहीत. म्हणायचे, "हाताला कळायला हवं ना काय चाललंय ते!" काम संपलं की दोन्ही हात कोपरापर्यंत धुवायचे, नखं काडीने साफ करायचे, मग जेवायला बसायचे. जेवण म्हणजे भाकरी आणि सुकट. आता मी लेले. आमच्या घरात सुकट हा शब्दसुद्धा कुणी उच्चारला नसेल. पँट्रीत त्यांनी डबा उघडला की माझ्या केबिनपर्यंत वास यायचा आणि मी दार धाडकन लावून घ्यायचे. एकदा न राहवून बोलले. तर म्हणाले, "लेलेबाई, हा खाऱ्या माशाचा वास आहे, समुद्राचा. तुमच्या त्या रूम फ्रेशनरचा वास कशाचा आहे ते वाचलंत का कधी बाटलीवर?" दुसऱ्या दिवसापासून जिन्यात बसून जेवायला लागले. मी त्यांना पुन्हा आत बोलावलं नाही.

प्रत्येक वाक्याची सुरुवात रुवैसपासून. रुवैस म्हणजे पार पश्चिमेला, वाळवंट आणि समुद्राच्या मध्ये वसवलेलं रिफायनरीचं गाव. तिथे ह्यांनी अठरा वर्षं काढलेली. "रुवैसला असं चालत नसे." "रुवैसला हे पाहिलं असतं तर गेटबाहेर काढलं असतं." तिथे म्हणे साधा बोल्ट काढायचा तरी आधी कागद. काय काढतोय, का काढतोय, कुणी सांगितलं, आणि खाली सही. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की कॅम्पातला नळ बदलतानासुद्धा काढलेल्या नळाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायचे. बायकोच्या आजारपणासाठी रुवैस सोडून दुबईत आले, इथे इस्पितळं चांगली म्हणून. वर्षभरात ती गेली. हे अडकले. तिथल्या त्यांच्या जुन्या फोरमनने निरोप पाठवला होता, या परत, जागा ठेवतो. पण तेव्हा इथे नोकरी बदलायची तर आधीच्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं. एनओसी. ती नसली की व्हिसा रद्द, सहा महिन्यांची बंदी, चला घरी. साठीला टेकलेल्या माणसाला सहा महिन्यांनी परत कोण बोलावतोय! तेव्हा साळवींना जगात हवं होतं ते एवढंच, एक कागद आणि त्यावर माझ्या ड्रॉवरमधला शिक्का.

देव होते असं समजू नका. तोंड फार वाईट. बिहारचा एक प्लंबर होता, चांगला मिशा फुटलेला बाप्या, त्याने जोडावर टेप उलटी गुंडाळली म्हणून साळवींनी त्याला चारचौघांत असं झापलं की तो रडला. आणि त्या टाकीच्या प्रकरणात कॅम्पमधल्या पोरांनी ह्यांना पोटभर शिव्या घातल्या.

तो प्रकार असा. कॅम्पच्या पाण्याला वास येतोय असं साळवींनी तीनदा लिहून दिलं. तीनदा मी ते आमच्या मालकांच्या, समीर सरांच्या, टेबलावर ठेवलं. तीनदा सर म्हणाले, "बघू, इन्शाल्ला." चौथ्या वेळी साळवी स्वतः गच्चीवर चढले, टाकीत खांद्यापर्यंत हात घातला आणि कुजलेलं कबूतर बाहेर काढलं. मग त्या टाकीतलं पाणी एका स्वच्छ जगमध्ये भरून ऑफिसात घेऊन आले. त्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये आपल्या लोकांची गणेशोत्सवाची मीटिंग होती, सर त्या मंडळाचे खजिनदार. साळवी आत गेले, जग मध्यभागी ठेवला, ग्लास मांडले आणि हात मागे बांधून उभे राहिले. एका गृहस्थांनी ग्लास ओठाला लावलाच होता. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला म्हणून बरं. "काय आहे हे?" सर ओरडले. "तुमची माणसं पितात ते," साळवी म्हणाले. "शी! मला तर बघवत नाही. तुम्हाला चालतं म्हणून आणलं."

टाकी दुसऱ्याच दिवशी धुवायला घेतली. पण धुवायची म्हणजे दोन दिवस पाणी बंद, आणि टँकर मागवायचं सर मुद्दामच विसरले. ऑगस्टात चारशे माणसं बिनअंघोळीची. शिव्या कुणाला? साळवींना.

एवढं होऊनही सरांनी त्यांना काढलं नाही. कारण गाडी.

समीर सर पुण्याचे. हुशार, गोड बोलणारे, हसताना समोरच्याच्या दंडावर हात ठेवणारे. त्या वर्षात पैशाचा नुसता पूर आला होता आणि ज्याच्या त्याच्या अंगात काहीतरी संचारलं होतं. सरांच्या अंगात ब्रिटिश स्पोर्ट्स कार आली. सत्तरच्या दशकातली, दोन माणसांची, उघडी, हिरव्या रंगाची. कॅलिफोर्नियातून बोटीने आणवली. "पंचावन्न हजार दिरहॅम," सर प्रत्येकाला सांगायचे, आणि आपणच पुढे, "म्हणजे सहा लाख, फुकट म्हण." ह्या गाड्यावाल्यांचा एक ग्रुप होता. दर महिन्याला एका शुक्रवारी सकाळी एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये जमायचे, ओळीने गाड्या लावायचे आणि बॉनेट उघडायची. मग हातात कॉफी घेऊन एकमेकांच्या एंजिनात डोकवायचं. हळदीकुंकवाला बायका एकमेकींच्या पाटल्या बघतात ना, अगदी तस्सं. आमच्यात निदान तिळगूळ तरी मिळतो.

आणि इथे सरांची पंचाईत झाली. बाकीच्यांच्या गाड्या थेट इंग्लंडहून आलेल्या, त्यांची एंजिनं सुटसुटीत, चकचकीत. सरांची गाडी अमेरिकेसाठी बनवलेली. तिथे धुराचे नियम कडक, म्हणून कारखान्यातच तिच्या एंजिनावर हवेचा पंप, त्या पंपाच्या चार नळ्या, व्हॉल्व्ह, पट्टे, काय काय लादलेलं. एंजिन आत आहे की नाही ते शोधावं लागायचं. ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणालं, "समीर, तुझी गाडी आयसीयूमध्ये आहे का रे?" सर हसले, पण लागलं त्यांना. सोमवारी साळवींना बोलावणं गेलं, कारण साळवींचा हात तरुणपणी गिरगावच्या एका गॅरेजात विलायती गाड्यांवरच बसलेला होता.

"हे सगळं काढून टाकायचं," सर म्हणाले. "एंजिन स्वच्छ दिसलं पाहिजे. झालं की रुवैसची एनओसी देतो तुम्हाला. वर्ड इज वर्ड." मी तिथेच होते. माझ्यासमोर म्हणाले.

साळवींनी काम घेतलं. सरांच्या बंगल्यावरच्या गॅरेजमध्ये रोज दुपारी कॅम्पवरून जायचे. मी चेक सह्यांसाठी तिकडे जायचे तेव्हा बघायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी एक नळी कापली आणि मला हाक मारली, "लेलेबाई, या, घाण बघायला या." नळीच्या आत लोखंडी छर्रा ठासून बसवलेला होता. तशा तीन नळ्या निघाल्या. "कळलं का? तिकडचा आधीचा मालक. तपासणीला नळी लावलेली दिसायला हवी, आणि आतून तर बंद करायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, वा, काय नियम पाळतोय माणूस! शी, शी, शी! अहो, काढायचं तर उघड काढ ना! ही असली लबाडी बघितली की मला ओकारी येते."

"पण तुम्हीही काढताच आहात की," मी म्हटलं. मला त्यांना टोचायला आवडायचं.

"मी काढतोय ते चिठ्ठी लिहून," ते म्हणाले. "आणि मला काही आनंद नाही होत. जळायचं राहिलेलं पेट्रोल बाहेर पडताना जळून जावं म्हणून हा पंप आत हवा फुंकत होता. आता ते आपण नाकात घेऊ. घ्या."

प्रत्येक काढलेल्या वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी. हवेचा पंप, काढला, साहेबांच्या सांगण्यावरून, आणि खाली सरांची सही. सर वैतागायचे, पण करायचे सही. पंप काढल्यावर एंजिनाच्या माथ्यावर चार भोकं उघडी पडली, ती साळवींनी आट्यांची बुचं बनवून घेऊन बंद केली. कुणी मेण लावलं असतं, कुणी लांबी. ह्यांनी प्रत्येक बूच तीन वेळा काढून पुन्हा बसवलं. महिन्याभरात एंजिन असं दिसायला लागलं की माझ्यासारखीलाही वाटलं, हो, सुंदर आहे. सर खूष. मग त्यांचं बोट कोपऱ्यातल्या काळ्या डब्याकडे गेलं. साधारण डालड्याच्या डब्याएवढा, वरून दोन-तीन नळ्या.

"हा राहिला, साळवी."

"राहिला नाही. ठेवलाय."

"सगळं काढायचं ठरलं होतं."

"हा कोळशाचा डबा आहे, साहेब. पेट्रोलची टाकी ह्याच्यातून श्वास घेते. उन्हात टाकीत वाफ होते, ती नळीतून इथे येते आणि कोळशात मुरते. गाडी चालू झाली की एंजिन ती ओढून घेतं. हा काढला तर वाफ जाणार कुठे?"

"इंग्लंडच्या गाड्यांना नाहीये असला डबा. मी वाचलंय."

"त्यांच्या टाकीच्या झाकणाला भोक आहे. तुमच्या झाकणाला नाही. ते झाकण इंग्लंडहून मागवा, मी टाकीपासून सगळी नळीच काढतो, मग डबाही काढतो. तीन आठवड्यांचं काम."

"शुक्रवारी मीट आहे."

"मग डब्यासकट न्या."

"लाज वाटते मला त्याची!" सर खरंच असं म्हणाले. चाळीस वर्षांचा माणूस, एका डब्याची लाज. मग आवाज खाली आणला आणि हसले. साळवींच्या दंडावर हात ठेवला. "एनओसी हवीय ना तुम्हाला?"

दंडावरचा हात साळवींनी दोन बोटांनी उचलून बाजूला केला.

"हवीय," म्हणाले.

"मग काढा."

"नाही काढत."

मला तेव्हा त्यांचा संताप आला होता. काय मेलं अडलंय, असं वाटलं. एक डबा काढायचा, पत्र घ्यायचं, रुवैसला जायचं. पुढे त्या गाडीचं काय व्हायचं ते होईल. मी तसं बोललेही त्यांना गेटपाशी. ते माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी काहीतरी चघळून त्यांच्यासमोर थुंकलेय.

गुरुवारी सरांनी गाडी दुसऱ्याच एका गॅरेजमध्ये नेली आणि अर्ध्या तासात डबा काढून आणला. तिथल्या माणसांनी काय केलं, तर डबा काढला आणि टाकीकडून येणारी नळी तशीच उघडी ठेवून एंजिनाच्या मागे खोचून टाकली. दिसत नव्हती. दिसत नाही म्हटल्यावर झालं.

शुक्रवारी मीटला आम्ही सगळे हजर, कारण सरांनी कंपनीचा बॅनर लावायला सांगितला होता. मी माझ्या मुलीला घेऊन गेले होते, आठ वर्षांची होती तेव्हा. सप्टेंबरचा शेवट, सकाळीच रस्ता तापलेला. सरांनी वाटेत टाकी गच्च भरून घेतली, ऐटीत आले, गाडी लावली, बॉनेट उघडलं. गर्दी जमली. वा वा सुरू झालं. साळवींना काचा पुसायला बोलावलेलं होतं, ते फडकं घेऊन दहा पावलांवर होते. तिथेच थांबले. नाक वर झालं.

"डबा कुठाय?" ओरडले. "मागे व्हा! सगळे मागे व्हा!"

कोण ऐकतंय! माझी मुलगी तर एंजिनात वाकून बघत होती. साळवी धावत आले, तिच्या फ्रॉकला मागून धरलं आणि अक्षरशः फेकली तिला बाजूला. गुडघे फुटले पोरीचे. मी "अहो!" म्हणून किंचाळले, आणि तेवढ्यात भक्कन आवाज होऊन बॉनेटखालून ज्वाळा निघाली. टाकी गच्च, ऊन कडक, पेट्रोल फुगून त्या उघड्या नळीतून थेंब थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडत होतं. साळवींनी हॉटेलच्या वॉचमनच्या केबिनमधलं अग्निशामक उचकटून आणलं आणि विझवलं. समीर सरांची एक भुवई जळाली होती. ते पहिलं वाक्य काय बोलले असतील? "नो फोटोज प्लीज, कुणी फोटो काढू नका!"

घरी येताना मुलगी म्हणाली, "मम्मा, दॅट अंकल इज सो रूड." मी तिला म्हटलं, त्या अंकलमुळे तुझा चेहरा शाबूत आहे. म्हटलं होतं मी हे. मला कळत नव्हतं असं नाही.

मग आली ती मंदी. आधी बातम्यांत आली, मग आमच्या रस्त्यावर. टॉवर अर्धवट थांबले, क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि ज्यांना ऑफिसं सजवून हवी होती ते लोक फोन उचलेनात. डिसेंबरात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. आता घरातला एकच व्हिसा चालू होता, माझा. दोन मुलं ऊद मेथा भागातल्या शाळेत. रोज सकाळी मी ऑफिसात जाऊन कुणाकुणाला काढायचं त्याच्या याद्या करायचे आणि मनात म्हणायचे, माझं नाव नको, माझं नाव नको. जानेवारीत समीर सर फारसे दिसेनासे झाले. फोनवर कामं सांगायचे.

साळवींची एनओसी अडलेलीच होती. दर रविवारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. "झालं का, लेलेबाई?" रुवैसचा फोरमन महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता.

अशाच एका बुधवारी सरांचा फोन आला. "मी अबुधाबीला आहे मीटिंगमध्ये. ऐक, गाडीच्या इन्शुरन्सला एक पत्र हवंय. साळवीने माझ्या परवानगीशिवाय एंजिनातले पार्ट काढले, त्यामुळे आग लागली. मिसकंडक्ट. सर्व्हिसेस टर्मिनेटेड. त्याची सही घे, तुझी सही कर, शिक्का मार, फॅक्स कर."

"सर, पण एनओसी..."

"मिसकंडक्टला एनओसी असते का? आणि प्राजक्ता, पुढच्या महिन्याची लिस्ट अजून फायनल नाहीये. यू अंडरस्टँड."

झालं. मी समजले. मी फार पटकन समजले, ह्याचीच मला आज किळस येते. रात्रभर तळमळले वगैरे काही नाही. पत्र टाइप केलं, घरी गेले, आमटी-भात केला, झोपले.

गुरुवारी साळवी आले. शर्ट पांढरा, इस्त्रीचा. मी पत्र पुढे केलं. त्यांनी उभ्याने वाचलं. मग विचारलं, "साहेब आहेत कुठे?"

"अबुधाबीला. मीटिंगमध्ये."

"तुम्ही पाहिलंत?"

"फोन होता कालच."

"बरं." माझ्या ड्रॉवरकडे बघितलं. "शिक्का तुमच्याकडेच असतो ना?"

"शिक्का माझ्याकडे असला म्हणून काय झालं? माझ्या हातात काही नाही, साळवी. माझीही मुलंबाळं आहेत."

त्यांनी मान हलवली. मग पेन काढलं, आणि पत्रातल्या एका ओळीखाली रेघ मारली. "हे चूक आहे."

मला वाटलं आता भांडतील. मला हवंच होतं ते. भांडले असते तर मलाही आवाज चढवता आला असता.

"इथे लिहिलंय, हवेचा पंप काढल्यामुळे आग लागली. पंप काढून आग लागत नाही, लेलेबाई. आग डबा काढल्याने लागली. त्याची नळी उघडी ठेवल्याने."

"पण डबा तर तुम्ही काढला नाहीत!"

"नाही काढला. पण खोटं माझ्या नावावर लिहायचंच ठरलंय, तर डब्याचं लिहा. हे पत्र उद्या चार माणसं वाचतील. कुणीतरी घाबरून पंप ठेवील आणि डबा काढील. आणि त्याच्या गाडीपाशीही कुणाचंतरी पोर वाकलेलं असेल."

मी पत्र बदललं. पंप खोडून डबा घातला, नळीचं वाक्य त्यांनी सांगितलं तसं घातलं. ते शेजारी उभं राहून स्पेलिंग सांगत होते. मग त्यांनी प्रिंट पुन्हा वाचलं, वरपासून खालपर्यंत, आणि सही केली. मी सही केली. शिक्का मारला. त्यांची काड्या सुटलेली छत्री आणि हत्यारांची पिशवी दाराशी होती, ती घेऊन ते लिफ्टपाशी गेले. मी काचेच्या दारापर्यंत गेले. का गेले ते सांगता येत नाही. कदाचित त्यांनी मला माफ केलंय असं काहीतरी ऐकायला.

पुढचं रविवारी कळलं. बँकेची माणसं ऑफिसात आली आणि पाठोपाठ आमचा ड्रायव्हर बशीर, मल्याळी, घाबरलेला. समीर सर मंगळवारीच गेले होते. बायको, सहा सुटकेस, पुण्याचं तिकीट. बशीरनेच विमानतळावर सोडलं होतं. येणार नव्हते ते परत, हे सुटकेसा उचलतानाच त्याला कळलं होतं. बुधवारी मला फोन आला तो पुण्याहून. आणि लिस्ट, जिच्यात माझं नाव असणार होतं, ती करायला कुणीच उरलेलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी बशीरवर ओरडले.

"आपसे डर लगता है, मॅडम," तो म्हणाला. "साळवी साब को बताया था. बुधवार को ही."

म्हणजे गुरुवारी माझ्यासमोर उभे राहून "साहेब आहेत कुठे?" असं विचारत होते तेव्हा साळवींना ठाऊक होतं. मी ज्याला घाबरतेय तो माणूस ह्या देशात नाही, शिक्का माझा आहे आणि मी काहीही लिहिलं तरी विचारणारं कुणी नाही, हे सगळं ठाऊक होतं. एका वाक्यात सांगितलं असतं तर मी एनओसी दिली असती, शंभर टक्के दिली असती. तशी दिलेली त्यांना नको होती, बहुतेक.

त्या गुरुवारी लिफ्ट आली तेव्हा ते आत जाऊन उभे राहिले होते, तोंड माझ्याकडे. दार बंद होईना. बराच वेळ ते उघडंच, आणि साळवी माझ्याकडे बघतायत. मला वाटलं, लिफ्ट बिघडलीय, नेहमीसारखी. मी काचेतून हात हलवला. म्हटलं, "यल्ला, साळवी, निघा आता. उशीर होईल तुम्हाला."

तेव्हा त्यांनी बटणावर दाबून धरलेलं बोट काढलं.